उत्तर टेक्सासमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र: ओझोनचा सत्तर हा आकडा आणि आपण

प्रति,
उत्तर टेक्सासमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, ढोल-ताशा पथकांचे आणि क्रिकेट लीगचे संयोजक, आणि समस्त सभासद

सप्रेम नमस्कार.

टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा-तपासणी बंद केली. तेव्हापासून आपल्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला आहे: "इन्स्पेक्शन गेलं ना? मग रजिस्ट्रेशन का अडलंय?" मग कोणी डीलरला शिव्या घालतं, कोणी काउंटीला, आणि वेदरफर्डच्या पलीकडे राहणारा एखादा मित्र फुशारकी मारतो की आम्हाला काहीच लागत नाही बुवा.

त्याचं खरं आहे आणि आपलंही. सुरक्षेची तपासणी गेली, धुराची राहिली. राज्यात २५४ काउंट्या आहेत, त्यांतल्या १७ मध्ये धुराची चाचणी सक्तीची आहे, आणि कॉलिन, डेंटन, डॅलस, टॅरंट या आपल्या चारही त्यांत येतात. सॅन अँटोनिओची बेक्सर काउंटी २०२६ पासून अठरावी. दोन ते चोवीस वर्षं वयाची पेट्रोल गाडी असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचायची, मशीनने गाडीच्या कॉम्प्युटरशी दोन मिनिटं गप्पा मारायच्या, वीसेक डॉलर द्यायचे आणि निघायचं. ऑस्टिनच्या विधिमंडळाला सुरक्षेची तपासणी एका कायद्याने काढून टाकता आली. धुराची तशी काढता येत नाही, कारण ती टेक्सासने फेडरल सरकारला लिहून दिलेल्या आराखड्यात आहे. आमच्या धंद्यात या आराखड्याला 'सिप' म्हणतात. आणि तो लिहून द्यावा लागला तो ओझोनमुळे.

माझं पोट हवेच्या परवानग्यांच्या कागदपत्रांवर चालतं, त्यामुळे हे विषय माझ्या रोजच्या जेवणात असतात. मंडळाच्या कार्यक्रमांत मी ते काढत नाही. लोक उठून चहाकडे जातात. म्हणून हे पत्र.

जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, ट्रक, वीजकेंद्रं, भट्ट्या यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट, गॅसच्या विहिरी, अगदी झाडंसुद्धा उडणारी सेंद्रिय संयुगं सोडतात. वर टेक्सासचं ऊन. या तिघांची दुपारपर्यंत जी खिचडी शिजते ती ओझोन. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो. डॅलसची सकाळची वाहतूक आणि मिडलोथियनच्या सिमेंटच्या भट्ट्या, सगळ्यांचं मिळून वायव्येकडे सरकतं, आणि वाटेत शिजत सरकतं. त्यामुळे सगळ्यात वाईट आकडे डाउनटाउनला दिसत नाहीत. ते डेंटन, ग्रेपवाइन, केलर, फ्रिस्को या पट्ट्यातल्या मॉनिटरांवर दिसतात. म्हणजे नेमके तिथे, जिथे चांगल्या शाळा आणि हिरवी लॉन्स बघून आपण घरं घेतली.

आता आकडा. फेडरल मर्यादा ७० पीपीबी आहे, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ओझोनचे सत्तर. तीही कुठल्याही एका दिवसाची नव्हे. दररोजची सर्वांत वाईट आठ तासांची सरासरी घ्यायची, वर्षातले सर्वांत वाईट तीन दिवस माफ करायचे, चौथा पकडायचा, आणि अशा तीन वर्षांच्या चौथ्या दिवसांची सरासरी काढायची. वर दशांश चिन्हापुढचं कापून टाकायचं, ७०.९ म्हणजे पास. इतकी सवलत देऊनही आपला भाग २०२४ अखेरपर्यंत सत्तर सोडाच, आधीच्या पंच्याहत्तरीच्या आतही आलेला नव्हता.

हा आकडा कसा सरकत आला ते बघण्यासारखं आहे. १९७९ मध्ये तो एका तासासाठी १२० होता. १९९७ मध्ये आठ तासांचा हिशेब सुरू झाला आणि मर्यादा ०.०८ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०८, म्हणजे ८० पीपीबी) ठरली, जी पूर्णांक करण्याच्या नियमामुळे प्रत्यक्षात ८४ पीपीबी झाली. मार्च २००८ मध्ये ७५. तेव्हा ईपीएच्याच, म्हणजे फेडरल पर्यावरण यंत्रणेच्याच, शास्त्रीय सल्लागार समितीने ६० ते ७० च्या दरम्यान मर्यादा ठेवा असं एकमताने सांगितलं होतं. ओबामा प्रशासनाने तो विषय पुन्हा काढला, २०१० मध्ये मसुदाही आणला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी तो मागे घ्यायला लावला. अखेर ऑक्टोबर २०१५ मध्ये ७०. डिसेंबर २०२० मध्ये तोच कायम. बायडन प्रशासनाने २०२१ मध्ये फेरविचार जाहीर केला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो गुंडाळून नव्या सविस्तर आढाव्यात ढकलला. फेडरल स्वच्छ हवा कायदा म्हणतो दर पाच वर्षांनी आढावा घ्या. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी या आकड्याला हात लावताना कच खाल्लेली आहे, तेव्हा आपल्या ग्रुपवर यावरून लाल-निळं युद्ध करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक वेळी आकडा खाली आला की इथला नकाशा बदलला. एका तासाच्या मर्यादेच्या काळात फक्त चार काउंट्या 'नॉन-अटेनमेंट', म्हणजे मर्यादेत न बसणाऱ्या, होत्या. १९९७ च्या मर्यादेसाठी नऊ झाल्या. २००८ च्या मर्यादेसाठी दहा, कारण गॅसच्या विहिरींची वाइज काउंटी आत आली. टेक्सास त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये हरलं. २०१५ च्या मर्यादेत पुन्हा नऊ, कारण रॉकवॉल बाहेर राहिली. गंमत अशी की नवा आकडा आला म्हणून जुना सुटत नाही. आज आपण दोन आकड्यांचे एकाच वेळी देणेकरी आहोत. पंच्याहत्तरच्या खात्यावर आपला भाग २०२२ पासून 'सिव्हिअर' वर्गात आहे, मुदत २० जुलै २०२७. सत्तरच्या खात्यावर 'सिरियस', मुदत ३ ऑगस्ट २०२७. दोन्हींचा निकाल २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन उन्हाळ्यांच्या नोंदींवर.

'सिरियस' कसे झालो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण स्थानिक धोरणातली खरी मेख तिथे आहे. ओझोनचे पाच वर्ग आहेत: मार्जिनल, मॉडरेट, सिरियस, सिव्हिअर, एक्स्ट्रीम. नापास झालात की वरच्या वर्गात ढकलतात. वर्ग चढला की नियम कडक होतात, पण मुदतही लांबते. शाळेत असं असतं तर आपण सगळेच आनंदाने नापास झालो असतो. मॉडरेटची मुदत ऑगस्ट २०२४ ला संपत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी ईपीएला पत्र लिहून डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तिन्ही भागांना स्वतःहून सिरियस करून घ्यायला सांगितलं. जून २०२४ मध्ये ते मंजूर झालं. कायद्यात याची सोय आहे, त्यामुळे कोणी काही चोरून केलं असं म्हणता येणार नाही. पण परिणाम काय? तीन वर्षं वाढून मिळाली, आणि त्या तीन वर्षांतली हवा तुमच्या-माझ्या मुलांच्या छातीत गेली. याबद्दल आपल्यापैकी कोणाला काही कळलं होतं का? वर्तमानपत्रात आलं होतं, आतल्या पानावर.

वर्ग चढल्याचा कारखान्यांवरचा परिणाम मी रोज बघतो. मॉडरेटमध्ये वर्षाला १०० टन नायट्रोजन ऑक्साइड सोडणारा 'मोठा' समजला जातो, सिरियसमध्ये ५०, सिव्हिअरमध्ये २५. मोठा ठरलेला नवा प्रकल्प सिव्हिअर भागात यायचा असेल तर त्याने सोडायच्या प्रत्येक टनामागे दुसरीकडून १.३ टन कमी झाल्याचं दाखवावं लागतं. त्यामुळे कागदावर पंचवीसच्या जरा खाली नेमके बसवलेले आकडे पुष्कळ दिसतात. डेटा सेंटरं घ्या, ज्यांच्यावर आपल्यातल्या निम्म्या घरांची चूल पेटते. एकेका आवारात डिझेल जनरेटरांच्या रांगा उभ्या असतात, आणि ते वर्षाला किती तास चालणार याची कबुली देऊन अर्ज पंचवीसच्या आत ठेवला जातो. यात बेकायदा काही नाही. नियमांत एक बारीक कलमही आहे: काही अपवाद वगळता, आपल्या भागात असं बसवलेलं डिझेल इंजिन नुसत्या चाचणीसाठी किंवा देखभालीसाठी सकाळी सहा ते दुपारी बारा चालवायचं नाही. कारण सकाळी सोडलेला धूर दुपारच्या उन्हात शिजतो, तोच संध्याकाळी सोडला तर तितका शिजत नाही. फॅसिलिटीजमध्ये काम करणाऱ्या मित्रांना हे कलम पाठ असतं. बाकीच्यांना आपल्या ऑफिसच्या मागे हे चालतं याचा पत्ताही नसतो.

आणि २०२७ मध्ये पंच्याहत्तरच्या खात्यावर नापास झालो तर कायद्याचं कलम १८५ लागू होतं: मोठ्या कारखान्यांकडून जादा प्रदूषणावर दर टनामागे शुल्क, १९९० च्या भावाने ५,००० डॉलर, पुढे महागाईनुसार वाढत गेलेलं.

रस्त्यांचंही तसंच. नवा हायवे किंवा टोलची लेन फेडरल पैशातून करायची तर त्या सगळ्या योजनेतून निघणारा धूर सिपमधल्या मर्यादेत बसतो हे आधी सिद्ध करावं लागतं. हे काम आर्लिंग्टनला नॉर्थ सेंट्रल टेक्सास कौन्सिल ऑफ गव्हर्नमेंट्समध्ये होतं. अटलांटाला १९९८ मध्ये हे सिद्ध करता आलं नाही, फेडरल रस्तेनिधी अडला, आणि जॉर्जियाला पुढच्याच वर्षी प्रादेशिक वाहतुकीसाठी वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. आर्लिंग्टनच्या टेबलावर आपल्या शहरांचे नगरसेवक आणि महापौर बसतात. मे महिन्याच्या निवडणुकीत त्यांना निवडून देणारे मतदार एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयात मावतील इतके असतात, हे थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

"वॉशिंग्टनच्या आकड्याने फ्रिस्कोत काय होणार?" असं विचारणाऱ्यांना मी शिशाची गोष्ट सांगतो. फ्रिस्कोत जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा एक कारखाना होता, शेवटी एक्साइडच्या मालकीचा. तो १९६० च्या दशकात आला तेव्हा फ्रिस्को म्हणजे रेल्वेकाठचं खेडं होतं. पुढे चहूबाजूंनी घरं आणि शाळा आल्या. १९७८ पासून हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला दीड मायक्रोग्रॅम होती आणि कारखाना तीत बसत होता. ऑक्टोबर २००८ मध्ये ती एकदम दहा पटींनी खाली आणून ०.१५ केली. कारखाना तोच, धूर तोच, पण २०१० मध्ये त्याच्या भोवतालचा तुकडा नॉन-अटेनमेंट ठरला. मग रहिवासी जागे झाले, शहराने झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालावं हे ठरवण्याचा, अधिकार बाहेर काढला, आणि २०१२ मध्ये शहराने कारखान्याच्या भोवतालची जमीन साडेचार कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. नोव्हेंबर २०१२ अखेर कारखाना बंद झाला. माती साफ करण्याचं काम मात्र पुढे वर्षानुवर्षं चाललं. आज त्या भागातून आपण रोज गाड्या नेतो. आकडा वॉशिंग्टनने बदलला, पण कारखाना हलवला तो शहराने, आणि शहराला हलवलं ते सभेत तीन मिनिटं बोलायला उभ्या राहिलेल्या लोकांनी.

शहरांच्या हातात सगळंच आहे असं मात्र नाही. डेंटनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये शहरहद्दीत फ्रॅकिंगला, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढायला, बंदी घातली. तो विषय केवळ ओझोनचा नव्हता. आवाज, पाणी, घराला लागून विहिरी, असं बरंच होतं. मे २०१५ मध्ये राज्याने हाउस बिल ४० आणून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. फेडरल आकडा वरून दाबतो, राज्य मधे बसलेलं, आणि शहराला उरलेल्या फटीतून काम करावं लागतं. पण फट आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, न्या. स्कालियांच्या लेखणीतून आणि एकमताने, सांगितलं की आकडा ठरवताना खर्च बघायचा नाही. फक्त आरोग्य बघायचं. खर्च बघायचा तो आकडा गाठायचा आराखडा करताना. म्हणजे कोणाच्या खिशाला चाट लावायची, ट्रकवाल्याच्या, सिमेंटवाल्याच्या, की आपल्या, हा वाद वॉशिंग्टनमध्ये होतच नाही. तो ऑस्टिन आणि आर्लिंग्टनमध्ये होतो. तिथे उद्योगांचे वकील प्रत्येक सुनावणीला हजर असतात. मी पाहिलेल्या सुनावण्यांत मराठी आडनाव फलकावर दिसलं ते सल्लागारांच्या बाजूला, म्हणजे माझ्याच बाजूला.

पुण्या-मुंबईची तुलना आपल्या ग्रुपवर निघतेच, म्हणून एक सांगतो. भारताची २००९ ची ओझोन मर्यादा आठ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पीपीबीत ती पन्नासच्या आसपास भरते. म्हणजे कागदावर अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक. पण ती ओलांडली म्हणून कुठल्या महापालिकेचा रस्तेनिधी अडत नाही, कुठल्या कारखान्याला १.३ टनांचा हिशेब द्यावा लागत नाही. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, ज्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, तो धूलिकण मोजतो. ओझोन त्याच्या लक्ष्यात नाही. इथला आकडा सैल आहे पण त्याला दात आहेत. आणि सध्या जे चाललंय ते आकडा बदलण्यापेक्षा दात काढण्याचं आहे. शेजारच्या राज्यांचा धूर रोखणारी 'गुड नेबर' योजना जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी स्थगित केली. मार्च २०२५ मध्ये ईपीएचे प्रशासक ली झेल्डिन यांनी एका दिवसात ३१ नियमांच्या फेरविचाराची घोषणा केली, त्यात तीही आहे. आढावा पाचऐवजी दहा वर्षांनी घ्यावा असं विधेयक २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, शुगरलँडच्याच प्रतिनिधीने मांडलेलं. सिनेटमध्ये ते अडलं. असा प्रयत्न पुन्हा होणार नाही असं समजू नका. वरून ढिलाई आली तरी २०२७ च्या मुदती कायद्यात आहेत, आणि ट्रक कुठून जावेत, शाळेबाहेर इंजिन चालू ठेवावं का, शहराच्या बांधकामावर जुनं डिझेल यंत्र चालावं का, हे इथेच ठरतं.

एक श्रेयही द्यायला हवं. २००० च्या सुमाराला आपल्या भागाचा आकडा शंभरीच्या आसपास होता. तेव्हापासून लोकसंख्या ऐंशी लाखांवर गेली आणि ओझोन कमी झाला. हे गाड्यांच्या इंजिनांमुळे, वीजकेंद्रांमुळे आणि तुम्ही ज्या चाचणीला शिव्या घालता तिच्यासारख्या कलमांमुळे झालं. शेवटची काही वर्षं मात्र गाडी अडली आहे.

आता मंडळांकडे मागणं. पहिलं अगदी घरचं. ओझोनचा हंगाम इथे मार्च ते नोव्हेंबर, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे त्यातले वाईट महिने. नेमके तेव्हाच आपल्या ढोल-ताशा पथकांचे सराव असतात, शनिवारी दुपारी चारला, तापलेल्या पार्किंग लॉटमध्ये, कमरेला ढोल बांधून. ओझोनची वेळही तीच. आकडा ७० च्या वर गेला की अंदाजातला रंग नारिंगी. मुलं, वयस्कर माणसं आणि दमेकरी यांनी बाहेर दमछाक करायची नाही असा त्याचा अर्थ. राज्य आदल्या दिवशी अंदाज देतं. नारिंगी दिवशी सराव सूर्यास्तानंतर ठेवा किंवा हॉलमध्ये घ्या. सकाळी आठला ढोल वाजवले तर शेजारी पोलीस बोलावतील हे मलाही कळतं. क्रिकेटवाल्यांनी मात्र सकाळची मॅच घ्यायला काय हरकत आहे? ज्या पोराच्या खिशात इनहेलर आहे त्याला तीन ते सहाच्या स्लॉटमध्ये फिल्डिंगला उभं करू नका.

दुसरं: डॅलस-फोर्टवर्थच्या सिपमध्ये बदल होतो तेव्हा राज्याची पर्यावरण यंत्रणा, टीसीईक्यू, सुनावणी घेते आणि लेखी सूचना मागवते. सुनावणीत अधिकारी उत्तर देत नाहीत, नुसतं ऐकतात. तुम्हाला वाटतं भिंतीशी बोलतोय. पण प्रत्येक सूचनेचं लेखी उत्तर त्यांना द्यावंच लागतं आणि ते फाइलला लागतं. पुढे कोर्टात गेलं तर ती फाइल बोलते. मंडळाच्या लेटरहेडवर एक पान, इंग्रजीत, दोन मुद्दे, पुरे आहे. कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही, त्यामुळे मंडळाच्या करमाफीच्या दर्जाला धक्का लागायचं कारण नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या खजिनदारांना आधी विचारून घ्यावं.

तिसरं: नगरपरिषदेला उभे राहिलेले उमेदवार मंडळाच्या दिवाळीला येतात, समई लावतात, आपण शाल घालतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी शाल घालण्याआधी विचारा की आर्लिंग्टनच्या बैठकीत शहराच्या वतीने कोण बसतं आणि डेटा सेंटरच्या जनरेटरबद्दल शहर परवानगी देताना काय बघतं. उत्तर येत नसेल तरी चालेल. प्रश्न आला हे ते लक्षात ठेवतात.

पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर सरावाच्या वेळा आणि लेखी सूचना एवढे दोन विषय घ्यावेत. मसुदा मी करून देईन. पुढची सुनावणी आर्लिंग्टनला असेल तेव्हा गाडीही मीच काढतो. चौघांची जागा आहे, येणाऱ्यांनी खजिनदारांकडे नाव द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद, फ्रिस्को